मी कधी न पाहिलेला विंगर

वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी त्यांना रोज संध्याकाळी नवीन पनवेलमधल्या एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये घेऊन जायला लागले. वडील बँकेतून निवृत्त झालेले, क्रिकेटचे भक्त, स्वभावाने घाबरट. गुडघा वाकवायचं म्हटलं की पलंगाची कड घट्ट धरायचे. त्यांच्या शेजारच्या पलंगावर एक मुलगा घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय वर उचलायचा, धरून ठेवायचा, खाली ठेवायचा. छताकडे बघत, ओठ मिटून. तोही ऑपरेशन झालेलाच, पण त्याच्याबरोबर कधी एक माणूस येत नसे, चार-पाच यायचे. क्लिनिकच्या सगळ्या खुर्च्या अडवून बसायचे.

वडिलांनी त्यातल्या एकाला सहज विचारलं, "अपघात झाला का हो?"

तो माणूस दुखावल्यासारखा झाला. "काका, तुमी याला ओळखत नाय? लेफ्ट विंग हाय आपला. मुंबईला खेलतो, लीगमधी."

हे शेठ. गळ्यात जाड साखळी, पायात पांढरे बूट, खाली उभी पांढरी मोठी गाडी. उरणच्या रस्त्यावर या दोघांचं गाव आहे, तिथली जमीन सरकारी प्रकल्पात गेली तेव्हा शेठनी मिळालेल्या पैशातून बांधकामाचा धंदा उभा केला. गावात फुटबॉलची टीम पूर्वीपासून होती. तिचं फॅन मंडळ त्यांनी काढलं. सारखे टी-शर्ट, मोठा ढोल, मॅचला न्यायला बस, सगळं त्यांचं. आणि मंडळाचा जीव होता या मुलात. मिठागरावर राबलेल्या बापाचा मुलगा, गावातला मुंबईच्या क्लबने करार करून नेलेला पहिला. मुंबईत त्याची मॅच असली की गावातून बस भरून जायची.

त्याच्या पायाला कोणी लाथ मारली नव्हती, की कोणी अंगावर आलं नव्हतं. त्याने बॉल घेतला, आत वळला, बूट गवतात अडकला आणि अंग वळलं तसा गुडघा वळला नाही. लिगामेंट तुटलं. क्लबने ऑपरेशन करून दिलं आणि सांगितलं, पुढच्या हंगामापर्यंत बरा झालास तर ये, बघू. त्या "बघू" वर तो सहा-सात महिने वाळूची पिशवी उचलत होता.

हे सगळं मला हळूहळू कळलं. आधी वडिलांना जिन्यावरून उतरायला तो हात द्यायला लागला. मग "काकांना मी सोडतो" म्हणाला. मग आम्ही दोघं क्लिनिकच्या खालच्या गुऱ्हाळात उसाचा रस पीत थांबायला लागलो, वडील वर शेक घेत असताना. मी बेलापूरला ऑफिसात कामाला. फुटबॉलमधलं मला गोल सोडून काही कळत नव्हतं. त्याला ते आवडायचं बहुतेक. मी त्याला मॅचबद्दल विचारायची नाही. तो आपणहून सांगायचा.

"विंगला खेळणारा सगळ्यात जास्त पब्लिकजवळ असतो," तो एकदा म्हणाला. "मधल्या प्लेयरला नुसता आवाज ऐकू येतो. मला माणसं ऐकू येतात. कोण काय बोललं, कोण शिवी घातली, सगळं. गावात खेळताना तर मी लाइनला लागून पळायचो आणि लोक बाजूने माझ्याबरोबर पळायचे."

हे सांगताना त्याचा चेहरा असा काही उजळायचा की मी ग्लास हातात धरून नुसती बघत बसायची. मी याच माणसाच्या प्रेमात पडले. पाय सावकाश उचलणाऱ्या, जिना एकेक पायरी उतरणाऱ्या माणसाच्या. तो जो पळायचा, त्याला मी पाहिलेलंच नव्हतं.

क्लिनिकच्या मॅडम कडक होत्या. पावसाळा संपता संपता त्यांनी त्याला सरळ पळायची परवानगी दिली. "सरळ," त्या बोट दाखवून म्हणाल्या. "वळायचं नाही, बॉल नाही, मॅच तर नाहीच. मी सांगेन तेव्हा. आत्ता मध्येच काही केलंस तर मागचं सगळं पाण्यात."

तो हो म्हणाला. सकाळी करंजाड्याच्या मोकळ्या रस्त्यांवर सरळ पळायला लागला. तेव्हा तिथे इमारती उठत होत्या, रस्ते रुंद आणि रिकामे होते. मी एकदा म्हटलं, मी येते बघायला. तो म्हणाला, "हे बघण्यासारखं नाय. मॅचला ये." आमच्या घरी तोवर आम्हा दोघांचं कळलं होतं. आई रुसली होती, वडील गप्प होते, पण बोलणी सुरू झाली होती.

हिवाळ्यात शेठनी गावच्या मैदानावरची शेवटची स्पर्धा जाहीर केली. जुन्या मिठागराच्या कडेचं ते मैदान प्रकल्पात जाणार होतं, भराव टाकायची मशिनं येऊन उभी होती. त्यामुळे गाव भावुक झालं होतं, आणि ते खोटं नव्हतं. फक्त स्पर्धेचा बॅनर नाक्यावर लागला त्यावर शेठच्या फोटोखाली याचा फोटो होता, बॉल पायाशी, आणि वर लिहिलेलं : मैदानात पुन्हा आपला वाघ. याला कोणी विचारलं नव्हतं. बसमधून येताना त्याने तो बॅनर पाहिला आणि मला फोन केला. हसत होता.

"खेळणार आहेस?" मी विचारलं.

"नाय गं. नुसता जाऊन बसेन."

पण शेठ त्याच्या घरी गेले. तेव्हाचं बोलणं मला सासूबाईंनी सांगितलं, लग्नानंतर, भांडी घासताना, एकदा नाही, अनेकदा. शेठ ओटीवर बसले आणि म्हणाले, "पाच मिनिटं. जास्त नाय. जर्सी घालील, दोन टच मारील, बाहेर. गावाला बघू दे डोलं भरून."

सासूबाई म्हणाल्या, "डाक्टरीन नको बोलली ना त्याला?"

"मावशी, डाक्टरीन पुस्तकातलं बोलते. आमी याला लहानपनापासून बघतोय. पाच मिनिटांनी काय होतंय?"

मुलगा जखमी झाल्यापासून सासरे गावात खाली मान घालून चालायचे, जणू काही चूक त्यांचीच होती. त्या दिवशी शेठ स्वतः ओटीवर येऊन बसले याचं त्यांना बरं वाटलं असावं. आणि तो? तो म्हणाला, "ठीक हाय, पाच मिनिटं." सासूबाई सांगतात की तो असा बोलला, जणू आधीपासूनच उठून उभा होता.

मी त्याच्याशी भांडले. रसाच्या दुकानात, लोकांसमोर. म्हटलं, तीन महिन्यांवर ट्रायल आहे, क्लब बोलावतोय, आणि तू मातीच्या मैदानावर? तो म्हणाला, "तुला नाय कळणार." मी म्हटलं, मग मी येणार नाही बघायला. "नको येऊस," तो म्हणाला. मी गेले नाही.

पुढचं मला त्याने एकदाच सांगितलं, हॉस्पिटलमध्ये, भिंतीकडे तोंड करून.

तो मैदानात उतरला तेव्हा ढोल इतका वाजत होता की शिट्टी ऐकू येईना. त्याने पाच मिनिटं खरंच जपून घेतली. सरळ पळाला, दोनदा बॉल घेतला, लगेच दिला. वेळ झाल्यावर त्याच्या जागी येणारा मुलगा लाइनजवळ उभा राहिला. हा चालत लाइनकडे निघाला. आणि लाइनवरच्या लोकांनी हात आडवे केले. "नाय, नाय! आत जा! आत जा!" हसत, प्रेमाने, त्याला खांद्याला धरून परत वळवलं. स्टेजवरून शेठ माइकवर म्हणाले, "अजून थोडा वेल, अजून थोडा वेल, पब्लिकची डिमांड हाय!"

तो परत गेला. बॉल आला. आणि तो विसरला. हा त्याचाच शब्द, "विसरलो." लाइनला लागून पळाला, लोक बाजूने पळाले, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं आणि डाव्या पायाने गोल मारला. गाव वेडं झालं. लोक मैदानात घुसले, त्याला उचललं, खाली ठेवलं. पुन्हा खेळ सुरू झाला. त्यानंतरच्या पहिल्याच बॉलवर तो आत वळला.

"आवाज आला," तो म्हणाला. "मागच्या वेळी नव्हता आला."

हॉस्पिटलात पहिले दोन दिवस जत्रा होती. शहाळी, सफरचंदं, फुलांचे गुच्छ. शेठनी पलंगाशेजारी उभं राहून फोटो काढला, मंडळाच्या ग्रुपवर तो फिरला, खाली जोडलेल्या हातांचे आणि वाघाचे इमोजी. तिसऱ्या दिवसापासून सासूबाई आणि मी. दुसरं ऑपरेशन झालं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी फिरवून सांगितलं नाही. चालशील, गाडी चालवशील, जिना चढशील. बॉलचं विसरून जा. क्लबचा एक मेसेज आला, शुभेच्छांचा. गावच्या टीमने पुढच्या स्पर्धेआधी दुसऱ्या गावातला लेफ्ट विंग आणला. तोही चांगला आहे म्हणतात.

वडिलांनी मला विचारलं, "अजून नक्की आहे तुझं?" मी म्हटलं, लंगडा झाला म्हणून सोडू का? ते म्हणाले, "पायाचं नाही म्हणत मी. मुलगा चांगला आहे. पण तो तिथेच राहिलाय, मैदानात. तू इथे एकटी पडशील." मला तेव्हा वाटलं की हा त्यांचा नेहमीचा घाबरटपणा.

लग्न झालं. आम्ही करंजाड्याला भाड्याने राहायला गेलो. त्याला उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात गेटवर नोकरी लागली. बसून करायचं काम आहे, पण थंडीत गुडघा आखडतो आणि उठताना तो टेबल धरून उठतो, माझे वडील उठायचे तसा. कामात तो चोख आहे. घरात शांत आहे. कधी हात उगारला नाही, कधी पिऊन आला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, काय हवं अजून.

पण आम्ही कुठल्याही हळदीला गेलो, लग्नाला गेलो, की कोणीतरी माझा हात धरतं. "वहिनी, तुमाला म्हाईत नाय तुमचा नवरा काय होता." मग तो गोल. कोणाला चकवलं, कसा आत घेतला, कीपर कसा बघत राहिला. सांगणाऱ्याच्या डोळ्यात खरोखर पाणी असतं. मग फोन निघतो आणि व्हिडिओ लागतो. हलणारं चित्र, धूळ, आणि त्यात बोटाएवढा एक माणूस पळताना. गोल होतो, आरडाओरडा होतो, व्हिडिओ संपतो. सगळ्यांच्या फोनमध्ये तो तिथेच संपतो. सांगणाऱ्यांच्या बोलण्यातही तो तिथेच संपतो. त्यानंतर काय झालं, हे मी कोणाच्या तोंडून कधी ऐकलं नाही. जणू गोल मारून तो मैदानावरून थेट आकाशात गेला, आणि हा जो माझ्या शेजारी कागदी ताटली धरून उभा आहे, तो दुसराच कोणी.

आणि तो हसत उभा असतो. प्रत्येक वेळी ऐकतो. मध्येच दुरुस्ती करतो, "नाय, दुसऱ्याला बाहेरून काढला." घरी येईपर्यंत बोलतो. घरात आल्यावर बूट काढतो आणि गप्प होतो.

मागच्या वर्षी मंडळाने त्याचा सत्कार ठेवला. करंजाड्यातच, जाळी लावलेल्या एका टर्फवर, संध्याकाळी. बॅनरवर त्याच्या नावाआधी "माजी" लिहिलेलं. तो तिशीचासुद्धा झालेला नव्हता. शाल, श्रीफळ, वाघाचं पितळी तोंड असलेली ढाल. एकामागून एक लोक उठून आठवणी सांगत होते, आणि सगळे "होता, होता" करत होते. कसा होता, काय पळायचा, असा पुन्हा होणे नाही. शेठ बोलताना गहिवरले. म्हणाले, "त्या शेवटच्या मैदानावर पब्लिकसाठी जो खेलला, तो खरा प्लेयर. करिअरचा विचार नाय केला, गावाचा केला."

माझ्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

मग सूत्रसंचालकाने मला बोलावलं. "वहिनी, दोन शब्द. वाघाबरोबर संसार करताना कसं वाटतं?" लोक हसले. मी माइक घेतला. मी काही ठरवून गेले नव्हते. समोर शेठ बसले होते, त्यांच्याकडे बघून मी म्हटलं, "त्याने करिअरचा विचार केला होता. पाच मिनिटांनी तो बाहेर येत होता. त्याला परत आत कोणी पाठवलं, ते आज कोणी बोललं नाही. तेवढं बोलायचं राहिलं म्हणून मी सांगते."

टर्फवर लहान मुलं जाळीला बॉल मारत होती, तेवढाच आवाज राहिला. मग कोणीतरी मागून टाळ्या वाजवल्या, बहुतेक नीट ऐकू न आल्यामुळे. सूत्रसंचालक म्हणाला, "वहिनींच्या भावना आपण समजू शकतो," आणि त्याने बेंजोवाल्यांना खूण केली.

मला वाटलं होतं, तो रागावेल, पण आतून कुठेतरी सुटेल. इतकी वर्षं जे तोंडात धरून बसलाय, ते कोणीतरी बोललं. आम्ही घरी आलो. त्याने दार लावून घेतलं, ढाल कपाटावर ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझ्याकडे तेवढंच होतं. ते पण घाण केलंस."

"मी खोटं बोलले का?"

"खोटं नाय बोललीस." तो खुर्ची धरून बसला. "पण तू मला बघितलंच नायस कधी. त्यांनी बघितलंय. तू बघतेस तो हा." त्याने गुडघ्यावर हात मारला. "हा बघायला तू एकटी हायस. तो बघितलेली सगळी ती माणसं हायत. ती गेली तर तो कुठे राहिला?"

मी म्हटलं, "त्यांनीच मारला ना त्याला."

"मला म्हाईत हाय," तो ओरडला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "मला म्हाईत नाय वाटतं तुला? मी पण गेलोच ना आत. कोणी पाय धरून ओढला नव्हता."

त्यानंतर मंडळाची बोलावणी बंद झाली. नात्यातल्या हळदीला गेलो तरी लोक हात जोडायचे, गरमीबद्दल बोलायचे, पाण्याच्या टँकरबद्दल बोलायचे आणि पुढे सरकायचे. फोन कोणी काढेना. ग्रुपवर तो अजून होता, पण त्याच्याबद्दल तिथे कोणी लिहीना. तो कामावरून येऊन टीव्हीवर मॅच लावायचा आणि आवाज बंद करून बघायचा. जेवताना मी काही विचारलं तर उत्तर द्यायचा. एवढंच. मी सत्य बोलले होते आणि माझ्या घरात त्याचा कोणालाही उपयोग नव्हता.

सासूबाई एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, "तू बोललीस ते बरा केलास. माज्या पोटातलं बोललीस." मग थोड्या वेळाने, "पन आता जा, शेठला बोल काय तरी. पोरगा सुकत चाललाय."

यंदा गणपतीत आम्ही शेठच्या घरी गेलो. तीन मजली घर, संगमरवराचा जिना, आणि तो जिना माझा नवरा कठडा धरून चढला. शेठ झोपाळ्यावर बसले होते, आजूबाजूला मंडळाची माणसं. आम्ही आत गेलो तेव्हा कोणी सरकून जागा दिली नाही. मी गणपतीला नमस्कार केला, मग शेठसमोर उभी राहिले. घरून वाक्य जुळवून आणलं होतं, ते आठवेना.

"त्या दिवशी मी नको ते बोलले," मी म्हटलं. "चुकलं माझं."

चुकलं नव्हतं. हे मला माहीत होतं, माझ्या नवऱ्याला माहीत होतं आणि शेठलाही माहीत होतं, कारण त्यांनी नजर खाली घेतली. क्षणभर मला वाटलं, हा माणूस आता काहीतरी बोलेल. मी वाट बघितली. पण ते मोठेपणाने हसले. "वहिनी, जाऊ द्या हो. बाईमानूस हाय, नवऱ्याचं दुखतं. आमी मनावर घेतला नाय." आणि आत ओरडले, "अगं, प्लेट आना यांना!"

लगेच कोणीतरी सरकून याला जागा दिली. कोणीतरी म्हणालं, "त्या सेमीफायनलला कीपरच्या पायातून काढलेला गोल आठवतो का?" दुसरा म्हणाला, तो डाव्या पायाने की उजव्या. वाद सुरू झाला. मी स्वयंपाकघराच्या दारात बायकांबरोबर बसले आणि बशीतला मोदक खात राहिले. पलीकडून त्याचा आवाज येत होता, मोठा, मोकळा, माझ्या घरात मी कधी ऐकला नव्हता असा. "उजव्या! उजव्या पायाने! डावा पाय मी नंतर तयार केला." सगळे हसले, तोही हसला. शेठची बायको मला म्हणाली, "अजून एक घ्या, तुपाचे हायत." मी घेतला.